दणकट कोणती आणि टिकाऊ कोणती?

नित्याची यंत्रे

सायकल ही वस्तू आपल्या घराला इतकी परिचित आहे की, तिच्याकडे यंत्र म्हणून पाहण्याचे आपल्या मनातही येत नाही. चाकात हवा आहे, साखळीला तेल आहे आणि ब्रेक लागतो आहे, एवढे पाहिले की आपले काम संपले. परंतु एखादी सायकल पन्नास वर्षे चालते आणि तिच्या शेजारी उभी असलेली, दिसावयास तितकीच देखणी दुसरी सायकल एका लहानशा भागापायी भंगारात जाते, असे का व्हावे? मजबूत बांधणीची वस्तू अधिक टिकते, असे उत्तर आपण सहज देऊन टाकू. ते उत्तर अर्धेच खरे आहे.

उरलेले अर्धे उत्तर शोधण्यास अमेरिकेतील जुन्या रस्त्यावरच्या सायकलींसारखे उत्तम उदाहरण नाही. खाली वळलेल्या हँडलच्या आणि दहा गतींच्या या सायकली तेथे १९६० पासून पुढील पंचवीस वर्षांत प्रचंड संख्येने तयार झाल्या. एकट्या १९७३ मध्ये त्या देशात सर्व प्रकारच्या मिळून सुमारे दीड कोटी सायकली विकल्या गेल्या. त्यांपैकी पुष्कळ आजही तळघरांत व गॅरेजांत उभ्या आहेत, आणि विद्यापीठांच्या गावांत त्या अल्प किमतीत हातोहात विकल्या जातात. आपल्याकडून तिकडे शिकावयास गेलेल्या मुलामुलींची पहिली सायकल अनेकदा अशीच जुनी असते. तेव्हा वाचकहो, हा विषय केवळ कुतूहलाचा राहत नाही. त्यात पैशांचा आणि पावसाळी रस्त्यावरील सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

एका कारखान्याच्या दोन सायकली

शिकागो येथील श्विन हा अमेरिकेतील एक जुना कारखाना. इग्नाझ श्विन व अडॉल्फ अर्नोल्ड या दोघांनी तो १८९५ मध्ये स्थापन केला. याच कारखान्याने १९३८ मध्ये 'पॅरामाउंट' नावाची शर्यतीची सायकल काढली. १९४१ मध्ये आल्फ्रेड लेटूर्नर या शर्यतपटूने कॅलिफोर्नियात, पुढे धावणाऱ्या मोटारीच्या आडोशाने, याच जातीच्या सायकलीवर ताशी सुमारे १७५ किलोमीटरचा वेग गाठला होता. पुढे १९६० मध्ये त्याच कारखान्याने सर्वसामान्य कुटुंबांसाठी 'व्हार्सिटी' आणि 'कॉन्टिनेंटल' या बहुगती सायकली बाजारात आणल्या.

त्या काळी अमेरिकेत सायकल म्हणजे प्रायः मुलांचे वाहन. मूल ती फुटपाथच्या कडेवरून खाली उडवणार, पावसात अंगणात टाकून जाणार, आणि तिची देखभाल कोणीच करणार नाही, हे गृहीत धरून व्हार्सिटीची रचना झाली. पॅरामाउंटची रचना मात्र स्वतःच्या यंत्राची काळजी वाहणाऱ्या माणसासाठी होती. व्हार्सिटीचे वजन सुमारे १७ ते १८ किलो, तर पॅरामाउंटचे १० ते ११ किलो. हे सात किलोंचे अंतर कोठे कोठे दडलेले आहे, ते आता भागशः पाहू.

सांगाडा

व्हार्सिटीच्या सांगाड्यासाठी पोलादाची पट्टी वळवून कारखान्यातच नळी केली जाई. नळ्यांची टोके विजेच्या प्रवाहाने लाल तापवून एकमेकांवर दाबली जात व सांधा एकजीव होई. पोलाद साधे, म्हणून नळीची भिंत जाड, आणि भिंत जाड म्हणून वजन अधिक. पुढच्या चाकाला धरणारा चिमटा तर पोकळ नळीचाही नव्हता. तो घडीव, भरीव पोलादाचा असे. कॉन्टिनेंटलचा सांगाडा व्हार्सिटीसारखाच होता, परंतु तिला नळीचा चिमटा दिलेला होता. दुरून जुळ्या बहिणी वाटणाऱ्या या दोन सायकली ओळखण्याची ती एक सोपी खूण आहे.

पॅरामाउंटसाठी इंग्लंडमधील रेनॉल्ड्स कंपनीची '५३१' नावाची नळी वापरीत. मँगेनीज व मॉलिब्डेनम यांच्या मिश्रणाने बळकट केलेले हे पोलाद १९३५ मध्ये प्रचारात आले. त्याची नळी सांध्याजवळ, जेथे ताण अधिक तेथे, जाड आणि मध्यभागी पातळ ठेवता येते. सांध्यावर 'लग' म्हणजे पोलादाची कोरीव बाही बसवून आत वितळलेला धातू मुरवीत. या बाह्या फ्रान्समधील नेर्व्हेक्सच्या असत. इंग्रजी नळी, फ्रेंच बाही, इटालियन यंत्रभाग आणि शिकागोतील कारागिराचा हात अशी ही सायकल होती.

या दोहोंच्या मधे १९६० च्या दशकात 'सुपर स्पोर्ट' नावाची एक तिसरी सायकल आली. तिचा सांगाडा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा असून सांधे हाताने पितळ वितळवून भरीत व घासून गुळगुळीत करीत. त्यामुळे ती दिसते व्हार्सिटीसारखी, पण उचलून पाहिली की हात फरक सांगतो. गंमत अशी की, इतक्या कष्टाने केलेल्या या सांगाड्यातही प्रारंभीची काही वर्षे व्हार्सिटीचाच जड क्रँक बसवीत असत. सायकलीच्या नावावरून तिच्या प्रत्येक भागाची पारख होत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

क्रँक

आपल्याकडील पारंपरिक काळ्या सायकलीत क्रँकचे दोन हात मधल्या आसावर बसवून त्यांत कॉटर पिन ठोकतात. ती सैल झाली की पायडलाला प्रत्येक फेरीत धक्का बसतो, आणि दुकानदार हातोडी घेऊन येतो. व्हार्सिटीत ही पिन मुळातच नव्हती. दोन्ही हात आणि मधला आस मिळून पोलादाचा एकच वाकवलेला दांडा. ओहायो राज्यातील ज्या गावी असे घडीव काम होत असे, त्याच्या नावावरून यास 'ॲश्टाब्युला क्रँक' म्हणतात. डावे पायडल काढून हा दांडा आडव्या नळकांड्यातून ओवून घ्यावयाचा, म्हणून ते नळकांडे चांगले रुंद, सुमारे ५१ मिलिमीटर व्यासाचे ठेवीत. त्याला आतून आटे नसत. छर्‍यांच्या वाट्या नुसत्या ठोकून बसवीत. एक मोठा पाना जवळ असला की कोणीही हा भाग उघडून, ग्रीस भरून पुन्हा बसवू शकतो. डाव्या बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात, एवढे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

पॅरामाउंटचा क्रँक इटलीतील कॅम्पॅन्योलो कंपनीचा, ॲल्युमिनियमचा. आसाची टोके चौकोनी व किंचित निमुळती. त्यांवर हात दाबून बसवावयाचा आणि बोल्टने आवळावयाचा. कॉटर पिन नाही, ठोकाठोक नाही, आणि वजन ॲश्टाब्युलापेक्षा पुष्कळ कमी. पण तो उतरविण्यास विशिष्ट ओढणी लागते. ती नसताना हातोडी चालविली, तर मऊ धातूचे नुकसान ठरलेले.

आणखी एक भेद जाणून घेण्याजोगा आहे. पोलाद बहुधा वाकून सूचना देते. ॲल्युमिनियमला प्रथम बारीक चीर जाते व नंतर ते एकाएकी तुटते. जुन्या कॅम्पॅन्योलो क्रँकचा हात आणि चक्राचे पंजे जेथे मिळतात त्या बेचक्यात अशी चीर पडल्याची उदाहरणे जाणत्यांना ठाऊक आहेत. म्हणून असा क्रँक विकत घेताना ती जागा पुसून, उजेडात धरून पाहावी.

दहा गतींचे गणित

पुढे दोन दातेरी चक्रे आणि मागे पाच, म्हणजे दहा जोड्या. यासच 'दहा गती' म्हणत. व्हार्सिटीच्या एका प्रचलित नमुन्यावर पुढे ५२ व ३९ दात्यांची चक्रे असून मागे १४ पासून २८ पर्यंत दात्यांची होती. ५२ ला १४ ने भागल्यास ३.७ येतात. म्हणजे पायडलाच्या एका फेरीत मागचे चाक ३.७ वेळा फिरते व सायकल सुमारे ८ मीटर पुढे जाते. ३९ ला २८ ने भागल्यास १.४ येतात, सायकल सुमारे ३ मीटरच सरकते, परंतु चढावर पाय दमत नाहीत. आपल्या घरच्या सायकलीचे दाते मोजून मुलांकडून हा भागाकार अवश्य करवून घ्यावा.

साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेस डिरेलर म्हणतात. श्विनच्या सायकलींवर अनेक वर्षे फ्रान्सच्या ह्युरे कंपनीचा 'ऑलव्हिट' डिरेलर असे. बाहेरच्या कारखान्यांत झालेल्या अशा भागांवर 'श्विन अप्रूव्ह्ड' असा शिक्का मारलेला असल्यामुळे पुष्कळांना ते शिकागोतच बनले असे वाटते. ऑलव्हिट जड व दणकट होता. पॅरामाउंटवर कॅम्पॅन्योलोचा 'रेकॉर्ड' व १९६७ नंतर 'नुओव्हो रेकॉर्ड' असे. त्याची घडण इतकी नेटकी की, दशके उलटल्यावरही त्याचे सांधे खिळखिळे होत नाहीत.

पण खरी युक्ती काढली ती जपानने. मागची पाच चक्रे मिळून शंकूचा आकार होतो. जुन्या डिरेलरची मार्गदर्शक चकती चाकाच्या आसाला समांतर सरके. त्यामुळे मोठ्या चक्राजवळ ती अगदी निकट, तर लहान चक्रापासून दूर राही, आणि साखळी बदलताना अडखळे. ओसाका येथील माएदा कंपनीने, म्हणजे 'सनटूर'ने, १९६४ मध्ये हा सरकण्याचा मार्गच शंकूच्या उताराप्रमाणे तिरपा केला. अंतर सर्वत्र जवळजवळ सारखे राहू लागले व बदल अचूक झाला. किमतीने हलका असूनही हा डिरेलर गती बदलण्याच्या कामात महागड्या युरोपीय भागांना मागे टाकी. १९८४ मध्ये सनटूरच्या स्वामित्वहक्काची मुदत संपली, आणि ती तिरपी रचना पुढे इतरांनीही उचलली. याच सुमारास शिमानो कंपनीने कळ ओढताच 'टक्' असा ठरावीक टप्पा देणारी पद्धत आणली. त्यापूर्वीच्या सायकलींत टप्पे नाहीत. साखळीची घरघर थांबेपर्यंत कळ बोटाने किंचित मागेपुढे करावी लागते. नवख्यास हा बिघाड वाटतो, पण ती त्या यंत्राची रीतच होय.

ब्रेक आणि रिम

सर्वांत महत्त्वाचा भाग शेवटी घेतो. व्हार्सिटीच्या रिमा चकचकीत मुलामा दिलेल्या पोलादाच्या. त्या ठोकर सोसतात, परंतु ओल्या झाल्या की ब्रेकचे रबर त्यांवरून घसरते व सायकल थांबण्यास फार अंतर लागते. ॲल्युमिनियमच्या रिमेवर पावसातही पकड पुष्कळ बरी मिळते. पॅरामाउंटला ॲल्युमिनियमच्याच रिमा असत. रिम कोणत्या धातूची हे ओळखण्यास लोहचुंबक पुरेसा आहे. चिकटला तर पोलाद.

व्हार्सिटीसारख्या कौटुंबिक सायकलींवर हँडलच्या आडव्या भागाखाली जादा ब्रेकपट्ट्या दिलेल्या आढळतात. ताठ बसूनही हात पोहोचावा हा त्यांचा हेतू. तथापि त्या लवतात, त्यांची ओढ तोकडी असते आणि पुरा जोर रबरापर्यंत जात नाही. ओल्या पोलादी रिमेवर त्या पट्टीच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे. हात मुख्य मुठीवर नेण्याची सवय लावावी, हे उत्तम.

जुळणीचा प्रश्न

आतापर्यंतच्या वर्णनावरून कोणासही वाटेल की, व्हार्सिटी दणकट आणि पॅरामाउंट नाजूक. म्हणजे पहिलीच अधिक टिकाऊ. पण सायकलीचे आयुष्य तिचा सर्वांत मजबूत भाग ठरवीत नाही. झिजलेल्या भागाच्या जागी दुसरा मिळतो की नाही, यावर ते ठरते.

व्हार्सिटीच्या हँडलचा खुंट २१.१५ मिलिमीटर जाडीचा, तर इतर बहुतेक चांगल्या सायकलींचा २२.२ मिलिमीटरचा. फरक जेमतेम एका मिलिमीटरचा, पण तेवढ्याने दुसरा खुंट आत जात नाही. ॲश्टाब्युला क्रँकच्या पायडलाचे आटे अर्ध्या इंचाचे, तर तीन तुकड्यांच्या क्रँकचे नऊ-सोळांश इंचाचे. श्विनच्या क्रँकवरील शंकूला इंचास २८ आटे, तर इतर अमेरिकी कारखान्यांच्या तशाच क्रँकला २४. म्हणून एकटा शंकू बदलू गेल्यास बसत नाही. क्रँकसह सारा संच बदलल्यास मात्र बसतो, कारण नळकांड्याचे माप एकच आहे. आणि अमेरिकेतील मुलांच्या सायकलींत हा क्रँक चालू राहिल्यामुळे असा संच मिळतोही.

उलट पॅरामाउंटच्या क्रँकच्या नळकांड्याला प्रायः इंग्लिश मापाचे आटे. आज जगभर त्या मापाचा माल बनतो. त्यामुळे मूळ इटालियन आस झिजला, तरी चौकोनी टोकाचा नवा आस शोधून काढता येतो. नाजूक म्हणून ज्या सायकलीची आपणांस काळजी वाटली, तिला दुरुस्तीची वाट अधिक मोकळी आहे.

विस्कॉन्सिन राज्यातील वॉटर्लू येथे १९७६ मध्ये सुरू झालेल्या ट्रेक कारखान्याने हे मर्म चांगले जाणले. रेनॉल्ड्स, इटलीची कोलंबस आणि जपानची इशिवाता यांच्या नळ्या घेऊन त्याने हाताने सांधलेले सांगाडे केले, आणि त्यांवर अनेक नमुन्यांत सनटूरसारखे माफक किमतीचे पण अचूक भाग बसविले. पॅरामाउंटची हलकी चाल मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. श्विनने मात्र जड सांगाडे फार काळ चालू ठेवले. १९८० मध्ये शिकागोत संप झाला, पुढे तेथील उत्पादन बंद पडले आणि १९९२ मध्ये कंपनीस दिवाळे जाहीर करावे लागले. याला कारणे अनेक होती. बदललेली आवड वेळीच न ओळखणे हे त्यांपैकी एक.

जुळणीचे संकट चांगल्या सायकलींवरही येते. मागच्या चाकाची जागा पाच चक्रांच्या काळी १२० मिलिमीटर रुंद असे, सहा-सात चक्रांच्या काळी ती १२६ झाली आणि नंतर १३०. नवे चाक जुन्या सांगाड्यात सहज शिरत नाही. पोलादी सांगाडा जाणता कारागीर जपून फाकवू शकतो. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर, उदाहरणार्थ १९८३ पासून निघालेल्या कॅननडेलवर, हा प्रयोग करू नये. टायरचेही तसेच. '२७ इंची' आणि '७००' या चाकांच्या रिमांत अवघा ८ मिलिमीटरचा फरक आहे, पण एकाचा टायर दुसऱ्यास चालत नाही.

घेणाऱ्यास चार सूचना

कोणी आप्त परदेशी अशी जुनी सायकल घेणार असेल, तर त्यास हे अवश्य कळवावे. पहिले, हँडलचा खुंट व सीटचा दांडा सैल करून हलतात का ते पाहावे. ॲल्युमिनियमचा दांडा पोलादी नळीत वर्षानुवर्षे राहिला की गंजाने जखडतो, आणि मग सायकल कितीही उत्तम असली तरी ती आपल्या उंचीस लावून घेता येत नाही. दुसरे, रिमेला लोहचुंबक लावावा. पोलादी असेल तर पावसात ती सायकल बाहेर काढू नये, किंवा चाके बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. तिसरे, ब्रेकचे रबर आणि तारा नव्या घालाव्यात. यात काटकसर नको. चौथे, टायरवरील आकडा वहीत टिपून ठेवावा.

आणि हे सर्व पाहून झाल्यावर आपल्याला ती कशासाठी हवी, हे स्वतःस विचारावे. वसतिगृहापासून वर्गापर्यंत सपाट दोन मैल जावयाचे असेल आणि सायकल उघड्यावर ठेवावयाची असेल, तर कोरड्या हवेत व्हार्सिटी काही वाईट नाही. ती उचलून जिने चढावयाचे असतील, तर मात्र तिचा विचार सोडावा.

आपल्या घरातही पंखा, शिवणयंत्र, पाण्याचा पंप अशी कितीतरी यंत्रे येतात. विकत घेताना आपण ठोकून पाहतो, वजन पाहतो, 'मजबूत आहे ना?' असे विचारतो. यापुढे त्याच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारावा: 'याचा झिजणारा भाग कोणता, आणि तो दुसऱ्या दुकानात मिळतो का?' या प्रश्नास दुकानदार जे उत्तर देईल, त्यावरून त्या वस्तूच्या आयुष्याचा अंदाज पुष्कळसा बांधता येईल.

पुढील लेखांकात शिवणयंत्राच्या बॉबिनचा व सुयांच्या क्रमांकांचा असाच विचार करू.